एका डब्यात तीन बाटल्या

९ तारीख, मंगळवार

आबा,

आणि "पळून गेला, पळून गेला" असं जे तुम्ही सगळ्या गल्लीला सांगत फिरता ना, ते आधी बंद करा. मी दिवसाढवळ्या गेलो. बॅग माझ्या खांद्यावर होती, तुम्ही शिडीवर होता. मी म्हटलं, "निघतो." तुम्ही म्हणालात, "खाली डबा आहे, लाथ मारू नकोस." याला पळून जाणं म्हणत नाहीत. पळून जाणारा माणूस बहिणीला हाक मारून विचारत नाही की माझे मोजे कुठे वाळत घातलेस.

पण ते भांडण आज राहू दे. आज अक्काचा फोन आला आणि माझं डोकं फिरलं. ती म्हणाली, "आबांनी औषध कालवलं." मी म्हटलं, बरं झालं. ती म्हणाली, "तिन्ही बाटल्या कालवल्या." मी म्हटलं, तिन्ही कशाला? ती मग म्हणाली, "एकत्र. डब्यात." कसल्या डब्यात? तर म्हणे, "धुतलेल्या."

आबा, तो रंगाचा डबा आहे! धुतला म्हणून काय झालं!

तुम्ही माझा आवाज ऐकला की फोन कापता, म्हणून हे कागदावर लिहितोय. याचा फोटो अक्काला पाठवणार, अक्का तो झेरॉक्सच्या दुकानात छापून घेणार आणि तुमच्या हातात देणार. कागद तुम्ही फाडत नाही हे मला माहितीय. कागद दिसला की आधी त्यावर ब्रश पुसता येईल का ते बघता, आणि बघता बघता वाचता. झेरॉक्सवाले दादा, तुम्हीपण वाचताय हे माहितीय. वाचा, पण पान सरळ छापा.

आता ऐका. तुमची दाढ किडली, महिनाभर तुम्ही मिठाच्या गुळण्यांवर काढलात. मग जबडा सुजला. इतका सुजला की तोंडात एक बोट जेमतेम जातं, गोळी गिळता येत नाही. म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पातळ औषध दिलं. बाटलीत पावडर असते. पाणी उकळून गार करायचं, बाटलीवरच्या रेघेपर्यंत घालायचं, हलवायचं. एक बाटली संपली की मगच दुसरी कालवायची, कारण पाणी पडलं की ते औषध थोडेच दिवस टिकतं, तेही थंड ठेवलं तर. हे अक्काला मेडिकलवाल्याने सांगितलं, अक्काने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही मान डोलावलीत. तुम्ही मान डोलावली की समजायचं, ऐकलेलं नाही.

तुम्ही काय केलंत ते मी न बघता सांगतो. एका भिंतीचा रंग एकाच बादलीत कालवायचा, नाहीतर अर्ध्या भिंतीला एक शेड आणि अर्ध्या भिंतीला दुसरी. म्हणून तिन्ही बाटल्या एकत्र. मग तुम्ही डब्यात डोकावून बघितलंत आणि तुम्हाला वाटलं, जाड आहे, अजून थोडं पाणी खपेल. म्हणून रेघेच्या वर अजून एक तांब्या. चार दिवस जास्त पुरेल, चौथी बाटली वाचली! बरोबर ना? अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "तुला कसं कळलं?" मला कसं कळलं! दहा वर्षं तुमच्या हाताखाली बादल्या ढवळल्यात मी.

आबा, जबडा म्हणजे भिंत नाही. शेड कुणी बघायला येणार नाही आत.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्ही अक्कापासून लपवलंत, पण त्यांनी अक्काला स्वतः फोन केला. सूज जबड्याखाली आलीय. मानेत उतरली तर श्वास अडकतो. मग मोठा दवाखाना, बाहेरून चिरा, आत नळी. औषध पूर्ण ताकदीने पोटात गेलं पाहिजे, तुमच्या पाणीदार हिशोबाने नाही.

डब्यातलं सगळं अक्काकडे द्या, ती मेडिकलवाल्याकडे नेऊन देईल. नवीन बाटली आण म्हणून मी तिला सांगितलंय. आणि मी ठीक आहे. इथे साइटवर रंग फवारायच्या मशीनवर आहे. तुम्ही त्याला डास मारायचा पंप म्हणता, पण त्या पंपाने तुमचं आठवड्याचं काम मी एका दिवसात करतो.

धाकटा


१० तारीख, बुधवार

आबा,

तुमचा निरोप मिळाला. "त्याला म्हणावं, रंग मला शिकवू नकोस." इतक्या महिन्यांत तुम्ही मला पाठवलेला पहिला निरोप, आणि तोही हा. रंग कोण शिकवतंय? मी औषधाचं बोलतोय! औषध, आबा!

आणि बनियनचं काय? ते निरोपात सांगायचं राहिलं असं समजू का? अक्का सकाळी खालच्या तिच्या घरातून तुमच्याकडे वर आली तर दोरीवर तुमच्या जुन्या बनियनचा तुकडा वाळत होता, आणि त्यावर गुलाबी साय. तिला आधी रक्त वाटलं. ती बिचारी जिन्यातच बसली. मग हुंगून बघितलं तर फळाचा गोड वास.

तुम्ही औषध गाळलंत!

मी कामावरून मेडिकलवाल्याला फोन लावला. तो माझं ऐकून आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "अरे, तुझे वडील आले होते इथे. म्हणाले, माल खराब दिलास, तळाला गाळ बसतो. मी म्हटलं, काका, तो गाळ नाही, तेच औषध आहे, प्रत्येक वेळी हलवून घ्या. तर म्हणाले, मी पस्तीस वर्षं रंग गाळतोय, गुठळी कशी काढायची मला कळतं."

म्हणजे शनिवारपासून तुम्ही काय प्यायलात? गुलाबी पाणी. खरं औषध बसलं बनियनवर. बनियनमधले जंतू मेले असतील सगळे. जबड्यातले मजेत आहेत.

आता मी जे लिहितो ते तुमच्या हुशारीची भर न घालता करा. नवीन बाटली अक्काने मेडिकलच्या काउंटरवरच कालवून घेतलीय, त्याच्यासमोर, रेघेला रेघ. ती तिच्या फ्रिजमध्ये आहे, दाराच्या कप्प्यात. बर्फाच्या खणात नाही, तिथे काल तुम्ही ठेवायला निघाला होतात असं भाच्यांनी सांगितलं. तीन वेळा खाली उतरायचं, बाटली घ्यायची, हलवायची, घ्यायचं. "पोरीच्या घरी सारखं काय जायचं" हे पुरे. तिच्या घराच्या सगळ्या भिंती तुम्ही फुकट रंगवल्यात. तिचा फ्रिज तुमच्या बाटलीने झिजत नाही.

मापाचं. अक्का म्हणते तुम्ही चहाच्या चमच्याने घेता, आणि चमचा कधी भरलेला असतो, कधी अर्धा. बाटलीबरोबर सुई नसलेली पिचकारी दिलीय, तिच्यावर आकडे आहेत. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेल्या आकड्यापर्यंत ओढायचं, दोनदा. ताठ बसायचं, आडवं पडून नाही. गालाच्या आत पिचकारीचं टोक ठेवायचं आणि हळूहळू सोडायचं. तोंड उघडत नाही ना? मग पिचकारीच बरी. यावर तुम्ही अक्काला म्हणालात, "मी काय तान्हा आहे?" नाही. तान्ही पोरंही हट्ट करतात, पण ती बनियनमधून औषध गाळत नाहीत.

हो, बाटलीवर हसणारं अस्वल आहे. मग काय झालं? अस्वलाकडे बघू नका. रेघेकडे बघा.

अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला, तर पुढचं औषध घ्यायचं नाही, माझ्या पत्राची वाट बघायची नाही, अक्काला घेऊन थेट दवाखाना. हे मेडिकलवाल्याने दोनदा सांगितलं म्हणून मीही सांगतो. पोट जरा बिघडलं तर डॉक्टरीणबाईंना विचारायचं, स्वतः बंद करायचं नाही.

आणि तुम्ही बाटली हलवता की नाही हे कुणाला कळणार? अक्का दिवसभर कारखान्यात शर्टांना बटणं लावते. भाचे शाळेत. तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही, माझ्या शब्दावर तुमचा नाही. तेव्हा असं करा. अक्काच्या घरचा फोन भिंतीवर आहे, माझा नंबर त्याच्यावर चिकटवलाय. औषध घेताना नंबर लावा, बाटली फोनजवळ धरून हलवा आणि कापा. बोलायची सक्ती नाही. मलाही तुमच्याशी बोलायची हौस आली नाहीये.

धाकटा


१२ तारीख, शुक्रवार

आबा,

मला वाटलं नव्हतं तुम्ही करालच.

काल सकाळी मी पाळण्यावर होतो, इमारतीच्या बाहेरच्या बाजूला, दोरांवर. खिशात फोन वाजला. उचलला, "हॅलो, हॅलो" केलं. पलीकडे कुणी नाही. मग आवाज. खळ् खळ् खळ्. आधी जड, तळाचा माल हलत नाही तसा. मग हलका. मग एकदम पातळ, सगळं एक झाल्यासारखा. आणि फोन बंद.

शेजारचा म्हणाला, "कोण होतं?" मी म्हटलं, "वडील." तो म्हणाला, "काय म्हणाले?" आता याला काय सांगायचं? मी म्हटलं, "काम चाललंय म्हणाले."

दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. आज सकाळी मुकादम समोर उभा असताना. त्याने विचारलं, हे काय, घरी कुणी खुळखुळा वाजवतंय का? अख्खी साइट हसली. आबा, तुम्ही हलवता तेव्हा जरा कमी वेळ हलवलंत तरी चालेल. मेडिकलवाल्याने हलवा म्हटलंय, घुसळा नाही म्हटलेलं. पण ठीक आहे. कमी हलवण्यापेक्षा हे बरं.

अक्का म्हणते आज तोंडात दोन बोटं गेली. ताप उतरला. तुम्ही तिला म्हणालात, "बघ, मी म्हटलं होतं ना, जाईल." तुम्ही म्हटलं होतं! वा! तुम्ही गाळलेल्या पाण्याने गेलं ना सगळं!

मशीन सध्या दोन दिवस बंद आहे, काहीतरी नळीचं निघालंय. मी दुसरं काम करतोय. विचारू नका.

धाकटा


१३ तारीख, शनिवार

आबा,

दुपारचा फोन आला नाही.

मी आधी म्हटलं, झोपले असतील. मग म्हटलं, लाइन लागत नसेल. मग मी कडा ओढत होतो छताच्या, सरळ रेघ, तुम्ही शिकवलेली, श्वास धरून. आणि त्यातच डोक्यात मानेचं आलं, सुजेचं, आणि हात हलला. पांढऱ्या छतावर निळी जीभ बाहेर आली हातभर. मुकादमाने माझं सगळं खानदान काढलं. त्यात तुम्हीपण आलात.

कारखान्यात अक्काला फोन आत नेऊ देत नाहीत. म्हणून मेडिकलवाल्याला लावला. त्याने दुकान नोकरावर सोडून तुमच्या घराला चक्कर मारली. वर कुलूप, खाली कुलूप. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं, शिडी घेऊन गेले.

शिडी घेऊन!

तो सभेचा हॉल, तुम्ही रंगवायला घेतलेला. छत अर्धं राहिलंय, शब्द दिलाय, माणसं येणार. तो बिचारा मेडिकलवाला तिथेही गेला आणि त्याने जे सांगितलं ते मी इथे लिहितो, म्हणजे झेरॉक्सवाल्यालाही कळू दे. तुम्ही वर, मान मागे टाकून छत मारताय. खाली, दारातल्या उन्हात, टर्पेंटाइनच्या डब्याशेजारी तुमची पिशवी, आणि पिशवीत बाटली. तापलेली. तो म्हणाला, "काका, दुपारचं घेतलं?" तुम्ही म्हणालात, "आता गरज नाही. दुखत नाही. ती उरलेली काकूंसाठी ठेवलीय, त्यांचीही दाढ दुखते. फ्रिजमधून बरोबर घेतली, जाताना देतो."

एक तर काकूंची दाढ तुम्ही नाही बघायची. काकूंना काय होतंय, त्यांना कुठलं औषध सोसतं, कुठलं सोसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे? तुमच्यासाठी लिहिलेलं औषध दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. काकूंना दवाखान्यात पाठवा.

दुसरं, ती तापलेली बाटली आता गेली. मेडिकलवाल्याने ती परत घेतली आणि नवीन दिली, तुम्ही त्याला म्हणे वरूनच म्हणालात, "लुटता तुम्ही लोक." त्याने दुकान उघडं टाकून तुम्हाला शोधलं, आबा. थोडी तरी लाज वाटू द्या.

आणि तिसरं. मला राग आला की मला लिहिता येत नाही, शब्द सापडत नाहीत, शाळा किती झाली ते तुम्हाला माहितीय. म्हणून मला येतं त्यातलंच लिहितो. तुम्हीच सांगितलेलं.

ओल धरलेली जुनी भिंत होती, आठवतं? दवाखान्याच्या मागची. मी पहिला हात मारला आणि म्हटलं, आबा, झाकली की, डाग दिसत नाही, दुसरा हात कशाला? तुम्ही ब्रश धुतलात. मला म्हणालात, चल. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून त्या भिंतीसमोर उभं केलंत. सगळे डाग वर आलेले. पिवळे, काळे, आधीपेक्षा जास्त. तुम्ही म्हणालात, "ओला हात सगळंच झाकतो. वाळला की भिंत खरं बोलते." मग माझ्याकडून ती सगळी खरवडून घेतलीत आणि पुन्हा पहिल्यापासून. माझे हात सोलवटले तरी सोडलं नाहीत.

आज तुमचा जबडा ओला आहे, आबा. पहिला हात बसलाय फक्त. दुखायचं थांबलं म्हणजे झाकलं गेलंय, गेलेलं नाही.

माझा राग कशाचा आहे माहितीय? मी ते दहा वर्षांपूर्वी ऐकलं. तुम्ही स्वतः सांगितलंत आणि तुम्ही ऐकलं नाही.

हॉलचं छत पडत नाही. पडलं तर पडू दे. शिडी खाली ठेवा.

धाकटा


१५ तारीख, सोमवार

अक्का,

हे तुझ्यासाठी. हे छापू नकोस, आणि छापायला गेलीस तरी झेरॉक्सवाल्याला दाखवू नकोस. तो आता मला फोन करून विचारतो, "मग, सूज उतरली का?"

काल तुझा फोन आला तेव्हा मी हो हो म्हटलं, कारण आजूबाजूला माणसं होती. ताप परत, सूज परत, गिळताना त्रास. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, आज संध्याकाळपर्यंत उतरली नाही तर थांबायचं नाही, मोठा दवाखाना. हे मला पाठ आहे, तू पुन्हा पुन्हा सांगू नकोस. 

मी येऊ का? तू म्हणालीस, येऊन काय करणार, आबा तुला बघून उठून बसतील आणि शिडी चढतील. हसलो मी. पण अक्का, तू नाही म्हणालीस ते मला सोपं गेलं, हेही खरं. इथून सुटी मागायला तोंड नाही. मशीन बंद नाहीये. मशीन मुकादमाच्या मेहुण्याला दिलीय. ठेकेदाराने रंगात पाणी घातलं, वरच्या मजल्यांचा सगळा रंग पापुद्र्यासारखा सुटला, आणि बोट माझ्याकडे दाखवलं, कारण नळी माझ्या हातात होती. रंगात पाणी! घरीही तेच, इथेही तेच. सगळ्या जगाला पाणी घालायची हौस आलीय.

आता माझ्याकडे ब्रश आहे. कडा, कोपरे, खिडक्यांच्या चौकटी. मशीनला ते जमत नाही, फवारा काचेवर जातो. इथे चाळीस माणसं आहेत आणि सरळ कड ओढता येणारे दोघं. मशीन कायमची गेली हे आबांना सांगू नकोस. त्यांना जो आनंद होईल तो मला बघवणार नाही.

त्यांनी परवाचं पत्र वाचलं का? तू म्हणालीस घडी घालून खिशात ठेवलं. ब्रश पुसला नाही ना त्याला? बघ एकदा.

संध्याकाळी काही असलं नसलं तरी फोन कर. मी उचलेन. मुकादम समोर असला तरी उचलेन.

तुझा भाऊ


१६ तारीख, मंगळवार

आबा,

काल संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मला वाटलं अक्का. मी उचलला आणि घाबरून कानाला घट्ट धरला.  मग खळ् खळ् खळ्. जड. हलका. पातळ. पण या वेळी कापला नाहीत. पिचकारी ओढल्याचा आवाज आला, मग गिळल्याचा, मोठा, कुरकुरत. मग आणखी एकदा. सगळं मला ऐकवलंत, दोन्ही वेळचं. आणि मग म्हणालात, "दुसरा हात."

आणि कापलात.

बस? दोन शब्द? आठ महिन्यांनी? मी तिथे शिडीवर "आबा, आबा" करत उभा, आणि खाली मुकादम म्हणतोय, काय झालं रे, रडतोस काय? मी म्हटलं टर्पेंटाइन डोळ्यात गेलं. त्याला खरं वाटलं, कारण आमच्याकडे सगळ्यांच्याच डोळ्यात जातं.

अक्काने नंतर सांगितलं सूज उतरायला लागलीय. डॉक्टरीणबाईंनी बघितली आणि दवाखान्याचं नको म्हणाल्या, आत्ता तरी. "आत्ता तरी" हे त्यांनी दोनदा म्हटलंय, आबा. अक्का एकदाच सांगते, मी दोनदा लिहितो.

आणि मला हसू कशाचं आलं, तर अक्काने विचारलं, आबा, सकाळचं राहिलं होतं, मग आता दुप्पट घेताय का, तर तुम्ही तिच्यावर खेकसलात, "दुप्पट कशाला? राहिलेला हात दुसऱ्या दिवशी डबल मारला तर रंग ओघळतो." तेच मेडिकलवाला सांगत होता. त्याच्या तोंडून पटलं नाही, स्वतःच्या तोंडून पटलं. ठीक आहे. कुणाच्या का तोंडून असेना.

धाकटा


२१ तारीख, रविवार

आबा,

आज सकाळी शेवटचा फोन होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला दिवस आज संपला. मी आधीच एका बाजूला जाऊन उभा राहिलो होतो, म्हणजे कुणी हसायला नको. फोन आला. खळ् खळ् झालं नाही. नुसता पोकळ टक् टक्, रिकामी बाटली भिंतीवर आपटल्यासारखा. मग तुम्ही म्हणालात, "संपलं." आणि कापलात.

संपलं म्हणजे? काय संपलं?

दाढ संपली का? दाढ तिथेच आहे! अक्का सांगत होती, डॉक्टरीणबाईंनी दाढ काढायला बुधवारी बोलावलंय आणि तुम्ही म्हणालात, आता दुखत नाही तर काढायची कशाला. आबा, मी काय लिहू आता? औषधाने सूज उतरली. कीड आहे तिथेच आहे. ओल भिंतीच्या आत, आणि तुम्ही वरून तिसरा हात मारायला निघालात! प्लास्टर पोकळ झालं असेल तर काय करायचं? ठोकून बघायचं आणि काढायचं. कुणी शिकवलं मला हे? शेजारच्या काकूंनी?

आणि त्याआधीच्या बाटलीत तळाला जे उरलंय ते तुम्ही "असू दे, लागेल" म्हणून फ्रिजच्या मागे लपवलंय, ते भाच्यांनी मला सांगितलंय. ते मेडिकलवाल्याकडे द्या. पुढच्या वेळी जे दुखेल ते वेगळं असेल, आणि ते औषध तोवर मेलेलं असेल. पिचकारी ठेवली तरी चालेल, धाकट्या भाचीला तिने गुलाबी पाणी उडवायचंय.

हॉलचं छत तुम्ही पुरं केलंत असं ऐकलं. चांगलं झालं म्हणे. कडा कशा आल्या? एकटे होता, खालून शिडी धरायला कुणी नव्हतं, हे मला ऐकवलं नाहीत तरी मला कळतं. अक्का धरत नाही, तिला भीती वाटते. एक माणूस ठेवा. मी येईपर्यंत ठेवा. मी कधी येईन ते विचारू नका, तुम्हीही विचारणार नाहीच.

एक गोष्ट विचारायची होती. इथे एक जण आहे, माझा मित्र, त्याला चौकटीच्या खालच्या कडेला रंग जमा होऊन थेंब येतो. ब्रश कोरडा केला तरी येतो. तुम्ही काय करता? मी त्याला काही सांगितलं नाही. मला माहीत नाही म्हणून नाही, तुमच्याकडून ऐकलेलं बरं म्हणून. हे तुम्ही फोनवर सांगू शकता. त्याला बाटली लागत नाही.

नाहीतर, आता औषध नाही म्हणून तुम्ही फोनच लावणार नाही, असं असेल तर तेही चालणार नाही. सकाळी कामाला निघायच्या आधी एखादा रंगाचा डबा हलवा फोनजवळ. डब्याचा आवाज मी ओळखतो. प्रायमर आहे की रंग आहे, तेही सांगेन. पातळ केलाय का तेही.

बुधवारी दाढ काढायची. अक्का सुटी काढून तुमच्याबरोबर येणार आहे, म्हणजे तुम्ही अर्ध्या वाटेतून शिडीकडे वळू नये. काढून झाल्यावर कापूस दाबून धरायला सांगतील, बोलायचं नाही म्हणतील. तुम्हाला जड जाणार नाही.

त्याचे पैसे मी पाठवतोय. पंपाचे नाहीत, निश्चिंत राहा. कडांचे आहेत, इथे कडांचा भाव वेगळा मिळतो. अक्काच्या हातात द्यायला सांगितलेत, तुमच्या हातात दिले की रंगाचा डबा येतो घरात.

बावीसशे रुपये आहेत.

धाकटा